घरच्या ट्यूब ॲम्पमधला बेस आवरत नसेल तर: ५ई३ वर तीनदा परत आलेला गाळ

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचा त्रास आणि माझा त्रास एकच आहे का ते लगेच कळेल. गिटारचा ॲम्प, म्हणजे ट्यूबवर चालणारा ॲम्प्लिफायर, घरी हळू आवाजात छान वाजतो. व्हॉल्यूम ५ च्या पुढे गेला की जाडी सहावी तार छेडल्यावर सूर येण्याऐवजी ‘भप्प’ असा आवाज येतो आणि पाठोपाठ क्षणभर सगळंच दबतं. कॉर्ड मारली तर तारा वेगवेगळ्या ऐकू येत नाहीत, सगळा गिचका होतो. डग्ग्याचा घुमारा एवढा वाढावा की तबल्याची चाट त्याखाली गाडली जावी, तसं काहीसं. टोनचं बटण कितीही फिरवा, वरचे सूर टोचायला लागतात, पण खालचा गाळ हलत नाही.

माझा ॲम्प म्हणजे फेंडरच्या पन्नाशीच्या दशकातल्या ट्वीड डिलक्सचं ५ई३ हे सर्किट. घरी ट्यूब ॲम्प बनवणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, कारण भाग थोडे आहेत आणि ॲम्प लहान, साधारण १२ ते १५ वॉटचा. ट्यूब अशा: पुढे एक १२एवाय७, मग एक १२एएक्स७, शेवटी दोन ६व्ही६ आणि एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरला ५वाय३. ट्रान्सफॉर्मर सोडले तर बाकीचं बरंचसं सामान मी पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून आणि उरलेलं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून गोळा केलं. १२एवाय७ मिळाली नाही म्हणून तिच्या जागी दुसरी १२एएक्स७ बसवली. ही अदलाबदल सगळेच करतात आणि पिना जुळतात म्हणून चालतेही. पण १२एवाय७ चा वर्धनांक (सिग्नल वाढवण्याची क्षमता) साधारण ४४ आणि १२एएक्स७ चा १००. म्हणजे पुढच्या टप्प्यात जाणारा सिग्नल एकदम वाढतो, आणि त्याबरोबर बेसही. तुम्हीही असं केलं असेल तर पुढचं सगळं तुम्हाला जास्तच लागू आहे.

आधी जिवाचं

या डब्यात ३५० व्होल्टच्या वर डीसी असतो, आणि प्लग काढला तरी पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरांत तो शिल्लक राहतो. झाकण उघडण्याआधी प्लग काढा. मग १०० किलोओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी पहिल्या फिल्टर कपॅसिटरला समांतर लावून अर्धा मिनिट थांबा, आणि मीटरने खात्री करा की व्होल्टेज १० च्या खाली आलंय. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. चालू ॲम्पमध्ये मापन करायचं तर क्लिप आधी बंद अवस्थेत लावायची, मग चालू करायचं, आणि हात बाहेर. स्पीकर किंवा त्याच्या जागी ८ ओहमचा जास्त वॉटचा रेझिस्टर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

बेस नेमका कुठे शिरतोय

हे न शोधता मी दोन महिने घालवले. म्हणून आता सोल्डरिंग आयर्न गरम करण्याआधी तीन गोष्टी करून बघतो, आणि त्यात दहा मिनिटंसुद्धा जात नाहीत.

पहिली: ॲम्पचा व्हॉल्यूम २ वर ठेवून जाडी तार वाजवा. इथेही घुमत असेल तर दोष बहुधा सर्किटमध्ये नाही, तो पेटीत, स्पीकरमध्ये किंवा खोलीत आहे. दुसरी: व्हॉल्यूम ७ वर न्या आणि गिटारवरचा व्हॉल्यूम थोडासा, दहापैकी सातवर आणा. आवाज फारसा कमी न होता गाळ अचानक निवळला, तर ॲम्पच्या आत कुठला तरी टप्पा बेसमुळे गुदमरतोय. तिसरी: कोणाकडून तरी ईक्यू पेडल (वेगवेगळ्या कंपनसंख्या कमी-जास्त करणारं) आणा, गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावा आणि फक्त १०० हर्ट्झची पट्टी खाली ओढा. गाळ गेला, तर उपाय ॲम्पच्या सुरुवातीच्या टप्प्यांत आहे. गाळ कमी झाला पण ‘भप्प’ तसंच राहिलं, तर नजर पॉवर ट्यूबच्या, म्हणजे शेवटच्या ६व्ही६ च्या, ग्रिडकडे (जिथे सिग्नल ट्यूबमध्ये शिरतो तिकडे) वळवा.

या तिसऱ्या चाचणीत या समस्येचं मूळ दडलेलं आहे. विकृती (डिस्टॉर्शन) होण्याच्या आधी बेस काढला तर सूर स्वच्छ तुटतो. विकृती झाल्यानंतर काढला तर गाळ फक्त कमी आवाजात ऐकू येतो, जात नाही. बेसच्या सुरांमध्ये ऊर्जा जास्त असते, ते आधी जाऊन ट्यूबला छताला टेकवतात आणि वरचे सूर त्यांच्याबरोबर चिरडले जातात. एकदा चिरडलेले सूर पुढे कुठल्याही टोन कंट्रोलने सरळ होत नाहीत. त्यात ५ई३ चा टोन हा मुळात ट्रेबलचाच आहे, बेस कमी करायला त्यात सोयच नाही.

पहिला उपाय: स्पीकर. सुधारलं, पण परत आलं

माझी पेटी मुळात मंडपवाल्याकडच्या जुन्या साउंडची होती, मागून बंद आणि आत १२ इंची वूफर. गणपतीत ढोल आणि किक ड्रम पोचवायला बनवलेला वूफर गिटारला चालत नाही, त्याला मध्यम सुरांची ती धारच नसते. शिवाय ५ई३ मध्ये निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणारी वायर) नाही, म्हणजे ॲम्पचा स्पीकरवर लगाम सैल. स्पीकरच्या कोनाच्या, म्हणजे हलणाऱ्या पडद्याच्या, स्वतःच्या कंपनसंख्येवर, जी गिटारच्या बऱ्याच स्पीकरांत ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपास असते, कोन मनासारखा डोलतो. खुल्या गिटारची जाडी तार ८२ हर्ट्झ आणि पाचवी ११० हर्ट्झ. म्हणजे नेमकी तिथेच गाठ.

गिटारचा स्पीकर घेतला, पेटीची मागची फळी मधून अर्धी कापली आणि ॲम्प कोपऱ्यातून उचलून स्टुलावर ठेवला. फरशी आणि दोन भिंती मिळून कोपऱ्यात बेस किती फुगतो हे ऐकायचं असेल तर ॲम्प वाजत असतानाच कुणाला तरी तो हातभर पुढे सरकवायला सांगा, तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहा. घरी आवाज झकास झाला. पुढच्याच रविवारी ड्रमवाल्याबरोबर वाजवायला गेलो, व्हॉल्यूम ६ वर गेला आणि भप्प.

ज्यांच्या सर्किटमध्ये निगेटिव्ह फीडबॅक आहे त्यांनी त्या वायरचा जोड इथेच तपासून घ्यावा. तो सैल झाला की आवाज एकदम वाढतो आणि बेस मोकाट सुटतो. हालचालीने जोड कधी लागतो, कधी सुटतो, म्हणून दोष येतो-जातो आणि सापडत नाही.

दुसरा उपाय: ०.१ च्या जागी ०.०२२. हिशोब न करता केला

बेस जास्त आहे, कपलिंग कपॅसिटर (दोन टप्प्यांना जोडणारा) लहान कर, असं सगळे सांगतात. मीही पहिल्या ट्यूबनंतरचे दोन ०.१ मायक्रोफॅरडचे काढून ०.०२२ चे लावले आणि सुधारलं असं मनाशी ठरवून टाकलं. महिन्याभराने कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

कपॅसिटर आणि त्याच्यापुढचा रेझिस्टर मिळून जिथून बेस गळायला लागतो ती कंपनसंख्या म्हणजे १ भागिले, २ गुणिले पाय (π) गुणिले ओहम गुणिले फॅरड. १ मेगओहमच्या व्हॉल्यूमपुढे ०.१ चा कपॅसिटर १.६ हर्ट्झवर गळायला लागतो. ०.०२२ चा ७ हर्ट्झवर. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ वर. मग मी काय कापलं? ऐकू येण्यासारखं काहीही नाही. तिथे खरा काप हवा असेल तर ०.००४७ लावावा, तो ३४ हर्ट्झवर येतो, किंवा ०.००२२, तो ७२ वर. हा हिशोब व्हॉल्यूम पूर्ण उघडा असतानाचा. ५ई३ मध्ये दोन्ही चॅनेलचे व्हॉल्यूम एकमेकांत गुंतलेले आहेत, न वापरलेला फिरवला तरी वापरलेल्याचा आवाज बदलतो, त्यामुळे शेवटचा निर्णय कानानेच घ्यावा लागतो.

पॉवर ट्यूबच्या ग्रिडसमोर मात्र रेझिस्टर २२० किलोओहमचा आहे. तिथे ०.१ म्हणजे ७ हर्ट्झ, ०.०२२ म्हणजे ३३ आणि ०.०१ म्हणजे ७२. तोच कपॅसिटर, जागा वेगळी, परिणाम साडेचार पट वेगळा. म्हणून ‘अमुक कपॅसिटर लाव’ असा सल्ला कुणी दिला तर आधी विचारा, कुठे आणि कशाच्या पुढे.

खरा काप: कॅथोडचा बायपास

बेसवर सगळ्यात स्वच्छ काम होतं ते कॅथोडवर, म्हणजे ट्यूबच्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावर. या ट्यूबच्या एका काचेत दोन अर्धे असतात; ५ई३ च्या दुसऱ्या ट्यूबच्या पहिल्या अर्ध्याला कॅथोडवर १.५ किलोओहम आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर आहे. हा २५ चा कपॅसिटर अगदी खालच्या सुरांनाही पूर्ण गेन देतो. त्याच्या जागी १ मायक्रोफॅरड लावला तर साधारण २०० हर्ट्झच्या बऱ्याच वर गेन जवळजवळ पहिल्याइतकाच राहतो, तिथून खाली उतरत जातो आणि १०६ हर्ट्झच्या बराच खाली पाच-साडेपाच डेसिबलवर स्थिरावतो. ८२ हर्ट्झवर घट सुमारे ४ डेसिबल. बेस नाहीसा होत नाही, फक्त एक पायरी खाली उतरतो. कपलिंग कपॅसिटरने कापलेला बेस कधी कधी पोकळ वाटतो, इथला वाटत नाही, म्हणून मला ही जागा सगळ्यात आवडते. मार्शलने साठच्या दशकाच्या उत्तरार्धात एका चॅनेलला २.७ किलोओहमवर ०.६८ मायक्रोफॅरड दिला आणि त्या ॲम्पांच्या गुरगुरत्या, पण नीट तुटणाऱ्या आवाजात त्याचाही वाटा आहे.

पहिल्या ट्यूबच्या दोन्ही अर्ध्यांचा कॅथोड एकच आहे, ८२० ओहम आणि २५ मायक्रोफॅरड. तिथे २.२ लावला. दुसरा अर्धा त्याच कॅथोडवर बसलेला असल्यामुळे इथला परिणाम सौम्य असतो, जेमतेम दोन डेसिबल. पण तो साखळीत सगळ्यात आधी आहे आणि आधी काढलेले दोन डेसिबल नंतर काढलेल्या चारांपेक्षा जास्त कामाला येतात.

करून बघायला जुना कपॅसिटर उपटण्याची गरज नाही. बायपासचा एकच पाय उचला आणि नवा त्या जागी क्लिपने लावा. कपलिंगच्या बाबतीत एक पाय उचलून मधे दुसरा कपॅसिटर जोडता येतो, ०.१ शी मालिकेत ०.०२२ लावला तर मिळून ०.०१८ होतो, चाचणीला पुरेसा. पसंत पडलं तर मग कायमचं सोल्डर. कपलिंगला ६३० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर घ्या, ४०० वर भागवू नका. कॅथोडला २५ व्होल्ट पुरतात.

या दोन बदलांनी गाळ निवळला. तारा सुट्ट्या ऐकू यायला लागल्या. पण जोरात छेडलं की पहिल्या फटक्यानंतरचं ते दबणं तसंच होतं, आणि तिसऱ्यांदा मला वाटलं की हे सर्किटच असं असावं.

गुदमरणं आणि एक चुकलेला आकडा

जोरात छेडल्यावर ६व्ही६ चं ग्रिड क्षणभर पॉझिटिव्हमध्ये जातं आणि करंट ओढतं. तो करंट कपलिंग कपॅसिटरला भरतो. फटका ओसरला की भरलेला कपॅसिटर ग्रिडला निगेटिव्हमध्ये खेचून धरतो आणि तो २२० किलोओहममधून रिकामा होईपर्यंत ट्यूब जवळजवळ बंद. हेच ते दबणं. किती वेळ बंद, याचा हिशोब सोपा आहे: ओहम गुणिले फॅरड. ०.१ ला २२ मिलिसेकंद, ०.०२२ ला सुमारे ५. जाड्या तारेचं एक आवर्तन १२ मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे ०.१ लावलेला असेल तर जवळजवळ दोन आवर्तनं गिळली जातात, ०.०२२ ला अर्धंसुद्धा नाही.

माझ्याकडे तर या जागी मी पहिल्यापासूनच ०.०२२ बसवले होते. मग दबतंय का? एका रात्री बोर्डवर टॉर्च धरून एकेक भाग सर्किटशी ताडत बसलो. पॉवर ट्यूबकडे जाणारे दोन तपकिरी कपॅसिटर, एकाच आकाराचे वाटणारे. डावीकडच्यावर २२३ जे. उजवीकडच्याचा छापलेला भाग बोर्डाकडे वळलेला होता. एक पाय सोडवला, वळवला, भिंगाखाली धरला: २२४ जे. मल्टिमीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर टाकला तर २१४ नॅनोफॅरड. म्हणजे ०.२२. एका आकड्याच्या फरकाने दहापट मोठा भाग, आणि तो ४८ मिलिसेकंद ट्यूबला गुदमरवत होता, जाड्या तारेची चार आवर्तनं, तेही जोडीतल्या एकाच ट्यूबला. ज्या डबीतून तो उचलला तिच्यात दोन्ही किमतींचे मिसळले होते, ते मीच मिसळले होते.

आकडे वाचायची रीत: शेवटचा आकडा म्हणजे पुढची शून्यं, एकक पिकोफॅरड. १०३ म्हणजे ०.०१, २२३ म्हणजे ०.०२२, १०४ म्हणजे ०.१, २२४ म्हणजे ०.२२ मायक्रोफॅरड. आता मी प्रत्येक कपॅसिटर लावण्याआधी मीटरवर टाकतो आणि छापलेली बाजू वर ठेवूनच सोल्डर करतो. वीस रुपयांच्या भागासाठी तीन रविवार गेले याचं वाईट वाटतं, पण तुमचे वाचले तर बरं.

इतर संशयित, थोडक्यात

व्हॉल्यूम शून्यावर असतानाही पुट-पुट-पुट असा इंजिनासारखा आवाज येत असेल तर तो जास्तीचा बेस नाही. पॉवर सप्लायचा एखादा फिल्टर कपॅसिटर कोरडा पडलाय किंवा त्याचा ग्राउंड सुटलाय, आणि टप्पे एकमेकांना सप्लायमधून ढकलतायत. आधी तो बदला, बाकी सगळं नंतर.

सूर वाजवताना त्याच्या खाली दुसराच एक बेसूर सूर ऐकू येत असेल, तरी फिल्टर कपॅसिटरच. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झ, म्हणजे फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) १०० हर्ट्झ. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ हर्ट्झ. हे दोघं इतके जवळ आहेत की त्यांची जुगलबंदी ऐकू येते. पण ५वाय३ च्या लगेच पुढचा कपॅसिटर मनाला येईल तेवढा मोठा करू नका, रेक्टिफायर ट्यूबला तो सुरुवातीचा धक्का सोसत नाही. वाढवायचाच तर पुढचे दोन वाढवा.

गुंजन ५० हर्ट्झचं, जाड आणि संथ असेल, तर ट्यूब तापवणाऱ्या हीटरच्या वायरी बघा. त्या पिळलेल्या असाव्यात आणि कोपऱ्यातून जाव्यात.

मोजून खात्री

कानाला सवय लागते आणि तिसऱ्या तासाला सगळंच चांगलं वाटायला लागतं, म्हणून मी शेवटी आकड्यांवर जातो. फोनवर टोन जनरेटरचं ॲप, हेडफोनच्या वायरीवरून इनपुटला अगदी कमी सिग्नल, स्पीकरच्या जागी ८ ओहमचा रेझिस्टर आणि त्यावर मीटर एसी व्होल्टवर. साधे मीटर ४०० हर्ट्झच्या वर खरं दाखवतीलच असं नाही, म्हणून तुलना ८० आणि ४०० चीच करतो. ४०० वर मीटरवर २ व्होल्ट येतील इतका व्हॉल्यूम ठेवायचा, विकृती नको, आणि मग काहीही न हलवता ८० लावायचा. बदलांआधी माझ्याकडे ८० वर जवळजवळ तेवढेच २ व्होल्ट होते. दुसऱ्या ट्यूबला १, पहिलीला २.२ आणि पॉवर ट्यूबांना दोन्हीकडे खरोखरचे ०.०२२ लावल्यावर ८० वर १ व्होल्टच्या आसपास आलं.

क्लीन जॅझ वाजवणाऱ्या एका मित्राला हाच ॲम्प आता पातळ वाटतो. त्याच्यासाठी दुसऱ्या ट्यूबच्या बायपासला एक छोटा स्विच लावून दिलाय, वर केला की २५ जोडला जातो. स्विच हलवताना ठक् असा आवाज येऊ नये म्हणून स्विचला समांतर १ मेगओहम ठेवलाय, म्हणजे सुटलेला कपॅसिटर भरलेलाच राहतो. तुम्हीही असा स्विच लावणार असाल तर त्याच्या वायरी दोन इंचांच्या आत ठेवा आणि इनपुट जॅकपासून लांब न्या.